विकतांना दिलेला शब्द

घरांत एखादें नवें यंत्र येतें तेव्हां त्याच्याबरोबर एक कागदहि येतो. शिवणयंत्राबरोबर तो येत असे, रेडिओबरोबर येत असे, आणि आज लॅपटॉपच्या खोक्यांतहि तो असतो. यंत्राचें सर्वांना कौतुक वाटतें. मुलें तें हातांत घेऊन पाहतात, वडील त्याची किंमत शेजाऱ्यांना सांगतात, आणि तो कागद मात्र कोणीहि न वाचतां खोक्यांतच राहतो. पुढें आठ-दहा महिन्यांनीं, मुलीचा प्रबंध विद्यापीठाला सादर करावयास आठच दिवस उरले असतां, एके सकाळीं यंत्राची स्क्रीन काळीच राहते. मग खोकें माळ्यावरून खालीं येतें, तो कागद सांपडतो, आणि त्या घराला प्रथमच उमगतें कीं त्या दिवशीं दुकानांतून दोन गोष्टी विकत आणल्या होत्या. एक यंत्र, आणि दुसरा शब्द. यंत्राची परीक्षा दुकानांत होते. शब्दाची परीक्षा यंत्र बंद पडल्यावर होते.

लॅपटॉपच्या निरनिराळ्या कंपन्यांविषयीं सुशिक्षित कुटुंबांत जीं मतें ऐकूं येतात, तीं बहुधा या दुसऱ्या परीक्षेंतून निघालेलीं असतात. एक गृहस्थ अमुक नांवाच्या यंत्राला पुन्हां हात लावणार नाहीं अशी प्रतिज्ञा करतात, तर त्यांच्याच शेजारीं त्याच नांवाचें यंत्र आठ वर्षें विनातक्रार चाललेलें असतें. दोघेहि खरेंच बोलत असतात. मग एकाच नांवाविषयीं दोन अनुभव इतके विरुद्ध कां, हें कोडें सोडवावयाचें तर त्या नांवाच्या मागें काय काय उभें असतें तें पाहिलें पाहिजे.

पहिली गोष्ट अशी कीं, यंत्रावर ज्याचें नांव असतें तो बहुधा तें यंत्र स्वतः बनवीत नाहीं. जगांतील बहुतेक लॅपटॉप तैवानच्या थोड्याशा कंपन्या ठेक्यानें बनवून देतात. १९८४ सालीं स्थापन झालेली कॉम्पाल, १९८८ सालीं निघालेली क्वांटा, तसेंच विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक, पेगाट्रॉन हीं नांवें सामान्य ग्राहकाच्या कानांवरहि आलेलीं नसतात. परंतु त्याच्या मेजावरील यंत्र त्यांच्यापैकींच एखादीच्या, बहुधा चीनमधील, कारखान्यांतून निघालेलें असतें. आंतील प्रोसेसर इंटेलचा किंवा एएमडीचा, स्क्रीन आणखी कोणाची, बॅटरींतील सेल चौथ्याचे. बाजारांत एकमेकींच्या उरावर बसणाऱ्या दोन कंपन्यांचीं यंत्रें एकाच कारखानदाराकडे तयार होत असणें यांत मुळींच नवल नाहीं. मग नांवाच्या धन्याचें स्वतःचें असें काय उरतें? आराखडा कसा असावा, कोणत्या प्रतीचे भाग वापरावे, तपासणी किती कडक ठेवावी हे निर्णय त्याचे. आणि विक्रीनंतर दिलेला शब्द त्याचा. म्हणूनच लॅपटॉपच्या धंद्यांत विक्रीनंतरच्या सेवेला एवढें महत्त्व आलें.

शिवाय नांव हीहि विकली जाणारी वस्तु आहे. आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीनें १९९२ सालीं थिंकपॅड नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. २००५ सालीं तो सारा व्यवसाय चीनच्या लेनोव्हो कंपनीकडे गेला. लॅपटॉपच्या आरंभकाळांत, १९८५ सालीं, टी ११०० हें यंत्र काढून नांव मिळविणाऱ्या जपानी तोशिबानें आपल्या संगणक व्यवसायाचा मोठा हिस्सा २०१८ सालीं शार्पला दिला आणि उरलेला २०२० सालीं देऊन ती त्या धंद्यांतून बाहेर पडली. सोनीनें आपला वायो हा विभाग २०१४ सालीं विकला. मात्र आधीं विकलेल्या यंत्रांची सेवा चालूं राहील, असें तिनें त्या वेळीं जाहीर केलें. हें जाहीर करावें लागलें यांतच सारें आलें. कारखाना हस्तांतरित करतां येतो, नांव हस्तांतरित करतां येतें. परंतु ज्यानें त्या नांवाकडे पाहून पैसे मोजले त्याला दिलेला शब्द कोणाच्या पदरीं जातो, हा प्रश्न ग्राहकाच्या दृष्टीनें सर्वांत मोठा असतो.

दुसरी गोष्ट शब्दाच्या प्रतीची. एकाच गिरणीचें जाडेंभरडें आणि तलम अशीं दोन्हीं कापडें असतात, त्याचप्रमाणें एकाच कंपनीच्या हमीच्या अनेक प्रती असतात. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राला बहुधा एक वर्षाची हमी असते, आणि यंत्र बिघडलें तर तें ग्राहकानेंच सर्व्हिस सेंटरपर्यंत वाहून न्यावयाचें असतें. कचेऱ्यांसाठीं बनविलेल्या यंत्रांना पुष्कळदां तीन वर्षांची हमी मिळते, आणि कामाच्या दुसऱ्या दिवशीं कारागीर सुटे भाग घेऊन दाराशीं येतो. यंत्र पडलें, त्यावर चहा सांडला, तर तें सामान्य हमींत बसत नाहीं. त्यासाठीं वेगळे पैसे भरावे लागतात. बॅटरी ही झिजणारी वस्तु मानली जाते, म्हणून यंत्राची हमी तीन वर्षांची असली तरी बॅटरीची पुष्कळदां एकच वर्षाची असते. कांहीं हमी देशोदेशीं चालतात, कांहीं विकत घेतलेल्या देशापुरत्याच असतात. अमेरिकेंतून भाच्यानें हौसेनें आणलेलें यंत्र पुण्यांत बिघडलें म्हणजे हा भेद ध्यानांत येतो. आणि तोंपर्यंत भाचा परत गेलेला असतो. वर सांगितलेल्या दोघां शेजाऱ्यांचें कोडें येथेंच अर्धें सुटतें. त्यांच्या यंत्रांवर नांव एकच होतें. पण एकानें विकत घेतलेला शब्द जाडाभरडा होता, आणि दुसऱ्याचा तलम.

या प्रतींतील अंतर २००३ सालीं अमेरिकेंत उघडपणें दिसून आलें. डेल कंपनीनें ग्राहकांच्या फोनला उत्तरें देण्याचें बरेंचसें काम बंगळूर येथील केंद्राकडे सोंपविलें होतें. तक्रारी वाढल्या तेव्हां त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत कंपनीनें कचेऱ्यांना विकलेल्या कांहीं यंत्रांचे फोन पुन्हां अमेरिकेंतील केंद्रांकडे वळविले. घरगुती ग्राहकांचे फोन मात्र पूर्वीप्रमाणेंच चालूं राहिले. ज्याच्याकडून हजारों यंत्रांची मागणी येते त्याचा शब्द आधीं पाळला जातो, आणि ज्यानें एकच यंत्र घेतलें त्यानें थांबावयाचें, हा व्यापाराचा जुना न्याय येथेंहि लागू झाला.

या फोनवरील सेवेविषयीं थोडें सविस्तर सांगणें अवश्य आहे, कारण ग्राहकाचा राग बहुधा तेथेंच उफाळतो, आणि पुष्कळदां तो चुकीच्या माणसावर निघतो. पलीकडे बसलेल्या तरुणासमोर प्रश्नांची एक ठरलेली यादी असते. त्या क्रमानेंच त्यानें विचारावयाचें असतें. प्रत्येक फोनला किती मिनिटें लागलीं याचा हिशेब वरिष्ठ ठेवतात. पहिल्या पायरीवरील माणसाला सुटा भाग मंजूर करण्याचा अधिकार बहुधा नसतो. तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर असतो. म्हणून ग्राहक आपली कहाणी तीनदां सांगतो आणि तिन्ही वेळां त्याला यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावयास सांगण्यांत येतें. मुंबई-पुण्याच्या कित्येक घरांतील मुलामुलींनीं परदेशी ग्राहकांसाठीं रात्रपाळ्या केल्या आहेत, परकी नांवें धारण करून परकी रागलोभ सोसले आहेत. यादी त्यांनीं केलेली नसते, आणि घड्याळहि त्यांनीं लावलेलें नसतें.

त्या यादीची केवळ थट्टा करणेंहि योग्य नाहीं. चार्जर काढून टाका आणि सुरू करण्याचें बटण अर्धा मिनिट दाबून धरा, ही सूचना अनेकांना पोरकट वाटते. परंतु लॅपटॉपमध्यें मुख्य प्रोसेसरखेरीज वीज, बटणें, पंखा यांवर देखरेख करणारी एक लहान चिप असते. यंत्र बंद दिसत असतांहि ती जागी असते, आणि क्वचित् ती अडून बसली म्हणजे सारें यंत्र मेल्यासारखें दिसतें. बटण दाबून धरल्यानें ती अनेक यंत्रांत नव्यानें सुरू होते. मेलें म्हणून ठरविलेलें यंत्र या एका कृतीनें जिवंत झाल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. मात्र ही कृति एकदां करून निष्फळ ठरल्यावर तीच पुन्हां पुन्हां करावयास लावणें, याला सेवा म्हणतां येत नाहीं.

अशी सेवा कंपनीला किती महाग पडते, याचेंहि उदाहरण डेलचेंच आहे. २००५ सालीं जेफ जार्विस नांवाच्या अमेरिकन पत्रकारानें नवा लॅपटॉप घेतला आणि कारागीर घरीं येऊन दुरुस्ती करील अशा हमीचे जादा पैसेहि भरले. यंत्र बिघडल्यावर, कारागीर आला तरी त्याच्याजवळ सुटे भाग असणार नाहींत, तेव्हां यंत्र कंपनीकडेच पाठवा, असें आपणांस सांगण्यांत आलें, अशी त्याची तक्रार होती. ती त्यानें जाहीरपणें लिहिली. तिला हजारों लोकांनीं दुजोरा दिला. शेवटीं त्याला पैसे परत मिळाले. परंतु तोंवर कंपनीच्या नांवाला लागायचा तो डाग लागला होता. २००६ सालीं डेलनें ग्राहकसेवा सुधारण्यासाठीं दहा कोटी डॉलर खर्च करण्याचें जाहीर केलें. एका तक्रारीचा वेळींच केलेला निकाल किती स्वस्त पडला असता, याचा हिशेब कोणालाहि करतां येईल.

आतां एक वेगळा प्रसंग असा असतो कीं, दोष एका यंत्रांत नसून त्या जातीच्या सर्व यंत्रांत असतो. अशा वेळीं कंपनीचा खरा स्वभाव दिसतो. २००६ सालीं सोनीनें बनविलेल्या बॅटऱ्यांच्या सेलमध्यें धातूचे अतिसूक्ष्म कण राहून गेल्यानें आंतल्या आंत वीज जोडली जाऊन बॅटरी पेट घेण्याचा धोका निर्माण झाला. त्या ऑगस्टमध्यें डेलनें ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या; पाठोपाठ ॲपलनें १८ लाख परत घेतल्या; इतर कंपन्यांनींहि तोच मार्ग धरला. नांवें निराळीं, पण सेल एकाचे, हें त्या वेळीं सर्व जगाला कळून आलें.

सर्वच दोष इतक्या लवकर कबूल केले जात नाहींत. ॲपलनें २०१५ सालीं एका अतिशय पातळ यंत्रांत नव्या रचनेचा कीबोर्ड बसविला आणि पुढें तो आपल्या इतर लॅपटॉपमध्येंहि आणला. धुळीचा कण आंत गेला तरी अक्षर उमटत नाहीं, किंवा एकाऐवजीं दोनदां उमटतें, अशा तक्रारी सुरू झाल्या. कंपनीनें विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली ती जून २०१८ मध्यें. पहिल्या विक्रीपासून चार वर्षांपर्यंत तिचा लाभ मिळे. २०१९ च्या अखेरीस कंपनी जुन्या धर्तीच्या रचनेकडे वळली, आणि २०२२ सालीं अमेरिकेंतील सात राज्यांच्या ग्राहकांच्या दाव्यांत पांच कोटी डॉलर देण्याचें तिनें मान्य केलें; दोष मात्र कबूल केला नाहीं. याच प्रकरणांतून आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानांत आली. त्या यंत्रांत कीबोर्ड, वरचें आवरण आणि बॅटरी हीं एकमेकांना अशीं जखडलेलीं होतीं कीं, एका बटणासाठीं सारा जोड बदलावा लागे.

येथून विषय दुरुस्तीच्या मुळाशीं जातो. शब्द देणारा कितीहि प्रामाणिक असला, तरी यंत्रच जर उघडतां येण्याजोगें नसेल, स्मृतीची चिप मदरबोर्डवर डागून टाकलेली असेल, सुटा भाग बाजारांत मिळत नसेल आणि दुरुस्तीची पुस्तिका गुप्त ठेवलेली असेल, तर त्या शब्दाला अर्थ उरत नाहीं. थिंकपॅडची दुरुस्ती-पुस्तिका कोणालाहि वाचावयास खुली ठेवण्याची प्रथा जुनी आहे. डेल आणि एचपी यांनींहि आपल्या अनेक यंत्रांच्या पुस्तिका खुल्या ठेवल्या. याउलट पुस्तिका मिळेना, म्हणून २००३ सालीं कॅलिफोर्नियांतील दोन विद्यार्थ्यांनीं आयफिक्सिट नांवाचा उद्योग सुरू करून स्वतःच यंत्रें उघडून पुस्तिका लिहिल्या. फ्रान्सनें जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर दुरुस्तीयोग्यतेचे दहांपैकीं गुण छापणें सक्तीचें केलें. त्याच वर्षीं अमेरिकेंतील फ्रेमवर्क या नव्या कंपनीनें, घेणारालाच प्रत्येक भाग बदलतां येईल असा लॅपटॉप विक्रीस आणला. ॲपलनेंहि २०२२ सालीं पुस्तिका व सुटे भाग ग्राहकांना देण्यास आरंभ केला.

भारतांतील ग्राहकाला या बाबतींत एक आधार पूर्वींपासून आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तापकीर गल्ली, दिल्लीची नेहरू प्लेस येथें असे कारागीर बसतात कीं, जेथें अधिकृत सर्व्हिस सेंटर सारा मदरबोर्ड बदलावयास सांगतें, तेथें ते सूक्ष्मदर्शकाखालीं एक बिघडलेली चिप शोधून तेवढीच बदलतात. दोघांच्या खर्चांत पुष्कळ अंतर असतें. परंतु हमीची मुदत शिल्लक असतां यंत्र बाहेर उघडलें तर कंपनी हात झटकते, आणि बसविलेला भाग अस्सल आहे कीं नाहीं हें ग्राहकाला कळत नाहीं. म्हणून हमी आहे तोंवर कंपनीचें दार, आणि ती संपल्यावर ओळखीचा, भरंवशाचा कारागीर, हा क्रम शहाणपणाचा होय. केंद्र सरकारनें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिती नेमली आणि त्याच डिसेंबरांत कंपन्यांच्या पुस्तिका, सुटे भाग व सेवा यांची माहिती एकत्र मिळण्याची सोय केली, ती याच दिशेनें होय.

कंपनी शब्द पाळीत नसेल तर काय, हा प्रश्न शेवटीं राहतो. महाराष्ट्रांत ग्राहकांच्या संघटनेची परंपरा जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनीं १९७४ सालीं पुण्यांत ग्राहक पंचायतीचा आरंभ केला, आणि पाठोपाठ मुंबईंतहि तें कार्य उभें राहिलें. आजचा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा असून तो जुलै २०२० पासून अंमलांत आला. त्याअन्वयें ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यांतील आयोगाकडेच दाद मागतां येते. कंपनीची कचेरी कोठें आहे हें पाहावें लागत नाहीं. वस्तूची किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर फी पडत नाहीं, आणि वकील देण्याची सक्ति नाहीं. मात्र तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती दाखल झाली पाहिजे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी आवश्यक असेल तर पांच महिन्यांत लावण्याचा यत्न व्हावा असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत अधिक काळ लागतो हें खरें. म्हणून त्यापूर्वीं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवून पाहावी. पुष्कळ तंटे तेवढ्यानेंच मिटतात.

परंतु कोणत्याहि पायरीवर कामास येतो तो कागद. खरेदीची पावती, यंत्रावरील अनुक्रमांक, फोन केल्याची तारीख आणि प्रत्येक वेळीं मिळालेला तक्रार-क्रमांक, हीं ज्या घरांत एका वहींत टिपून ठेवलेलीं असतात, त्या घराचें बोलणें सर्व्हिस सेंटरमध्यें निराळ्या आदरानें ऐकलें जातें. फोनवर मिळालेलें आश्वासन त्याच दिवशीं ईमेलनें लिहून कळवावें. तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, लिहिलेला राहतो. दुरुस्तीस यंत्र देतांना त्याची छायाचित्रें घ्यावीं आणि पोंच लिहून घ्यावी. आणि हें सर्व नंतरचें; खरेदीपूर्वींच नांवाची चौकशी करण्याऐवजीं त्या विशिष्ट यंत्राची चौकशी करावी. आपल्या गांवांत त्याचें सर्व्हिस सेंटर आहे काय, हमी घरपोंच आहे काय, बॅटरी बदलतां येते काय, पुस्तिका खुली आहे काय, हे चार प्रश्न दुकानदारास विचारले तर जाहिरातीचा पुष्कळसा रंग आपोआप उतरतो.

आतां त्या मुलीच्या प्रबंधाचें काय? खोक्यांतून निघालेला तो कागद शेवटपर्यंत वाचला, तर त्यांत एक बारीक अक्षरांतील वाक्य सांपडतें. यंत्रांतील मजकुराची जबाबदारी कंपनीवर नाहीं, असा त्याचा आशय असतो. आणि तें वाक्य या ना त्या रूपानें बहुतेक प्रत्येक कंपनीच्या कागदांत असतें. मदरबोर्ड बदलला जाईल, स्क्रीन नवी येईल, कदाचित् सारें यंत्रच बदलून मिळेल. परंतु मजकूर साठविणारी चिप मदरबोर्डवरच डागलेली असेल तर तीन वर्षांचें काम जुन्या मदरबोर्डबरोबर निघून जाईल, आणि त्यासाठीं कोणाहि विरुद्ध दाद मागतां येणार नाहीं. उत्तमांतल्या उत्तम कंपनीचा शब्द यंत्रापुरता असतो. त्या यंत्रावर जें लिहिलें गेलें त्याचा शब्द कोणीहि देत नाहीं. तो ज्याचा त्यानें स्वतःला द्यावयाचा असतो. दर आठवड्यास प्रबंधाची एक प्रत निराळ्या हार्ड डिस्कवर उतरून ती कपाटांत ठेवणें, एवढ्यानें तो पाळला जातो. ज्या घरीं तो पाळला गेला, त्या घरीं स्क्रीन काळी झाली त्या सकाळींहि मुलगी शेजारच्या यंत्रावर बसून आपलें शेवटचें प्रकरण पुरें करीत असते, आणि कंपनीशीं चाललेला तंटा वडिलांना सवडीनें चालवितां येतो.